मोठ्यानं केलेली प्रार्थना

दक्षिण कोरियातल्या जोंजू शहरात, हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. ओकबूनताईंच्या गुडघ्याचं आज ऑपरेशन होतं आणि चर्चमधली मालसुन सोबतीला आली होती.

"मालसुन, गेल्या आठवड्यात चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेत तू माझं नाव घेतलंस."

"सगळेच एकदम मोठ्यानं प्रार्थना करतात, ताई. त्यात तुम्हाला बरं माझंच ऐकू आलं."

"तुझा आवाजच तसा. आधी माझ्याबद्दल देवाचे आभार मानलेस. मग लगेच म्हणालीस, यांची जीभ जरा मऊ कर."

"मी देवाशी बोलत होते. तुम्ही मध्ये कशाला ऐकलंत?"

"आणि माझी किमची खारट होते, हेही देवालाच सांगायचं?"

"तुम्हाला सांगून काही उपयोग झाला असता का?"

"मग मीही त्याला सांगितलं, मालसुनला दुसरीकडे बसव."

"ऐकलं की मी. तेव्हापासून मुद्दाम तुमच्या शेजारीच बसते."

नर्सनं ओकबूनताईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या नाहीत.

"मालसुन, मी आत गेल्यावर प्रार्थना करशील ना?"

"करणारच. पण मनातल्या मनात. दवाखाना आहे हा."

"मनातल्या मनात नको गं. मला आत ऐकू आली पाहिजे."