बोरन्हाणात गेलेला गोलकीपर

...नाही, पण मला एक सांगा, चाळिशीतला माणूस, सिडनीच्या पॅरामॅटात चांगली मॅनेजरची नोकरी, अंगात सिल्कचा कुर्ता, गुडघे दुखतात म्हणून ऑफिसात लिफ्टशिवाय हलत नाही... असा माणूस चार-चार वर्षांच्या पोरांमध्ये फतकल मारून बसतो कशाला? आं? मला वाटलं हौस. मी बायकोला, शुभदाला म्हटलंसुद्धा, "बघ, किती माया आहे आपल्या रुद्रवर." माया कसली, दबा धरून बसला होता तो. हृषिकेश. हा माझा मित्र, बरं का.

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा दत्तप्रसाद एका कागदाच्या तुकड्यासाठी एवढा काय पेटलाय. तो तुकडा नाही, हॉकी कार्ड आहे, खेळाडूचा फोटो छापलेलं, बंद पाकिटातून निघतं, लोक जमवतात. आणि हॉकी म्हणजे आपली मैदानातली नाही, बर्फावरची, ती अंगाला गाद्या बांधून एकमेकांना भिंतीवर आपटतात ना, ती. आता आमच्या क्वेकर्स हिलमध्ये बर्फ असतो तो फ्रीजरमध्ये, मटारच्या पाकिटाखाली, हे मलाही कळतं. पण हा हृषिकेश आधी टोरांटोला होता, तिथून हे खूळ घेऊन आला आणि शेजारच्या डेस्कवर बसून मला लावलं. मी काय करत होतो? सरळमार्गी माणूस, शनिवारी लॉन कापायचो, रविवारी डोशाचं पीठ आणायचो. हा रोज म्हणायचा, "अरे दत्ता, एक पाकीट फोडून तर बघ." फोडलं. झालं... लागली सवय. मग दोघं लंचला पाकिटं फोडायचो, एकमेकांची डबल आलेली कार्डं बदलायचो. सख्ख्या भावाशी मी इतका बोललो नसेन.

आणि एक दिवस माझ्या पाकिटातून निघाला कोण? व्हायनोकांगास. फिनलंडचा गोलकीपर, त्याचं पहिल्या वर्षाचं कार्ड, दुर्मीळ, चांदीची कड. नाव म्हणता म्हणता जीभ वळते म्हणून आम्ही घरात त्याला कांगासराव म्हणतो. तुम्हाला सांगतो, हृषिकेश टोरांटोपासून ह्याच कार्डाच्या मागे होता आणि ते निघालं माझ्या हातात. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, "मेट, माझ्या अल्बममधलं हवं ते घे, अख्खा अल्बम घे, पण हे मला दे." मी म्हटलं, नाही रे बाबा. तर शांतपणे म्हणाला, "नो वरीज." आणि डब्याचं झाकण लावलं. अर्ध्या पोळ्या आत तशाच. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आता हे कार्ड अमेरिकेला पाठवायचं असतं. तिथे माणसं भिंग लावून त्याचे कोपरे बघतात आणि दहापैकी मार्क देतात. आपल्याकडे एवढी मोठी परीक्षा म्हटल्यावर आपण काय करतो? देवापुढे ठेवतो. गाडीची किल्ली ठेवतो, इथे कायमचं राहायच्या परवानगीचं, पीआरचं पत्र ठेवतो, मग कांगासरावांनी काय पाप केलंय? ठेवले. प्लास्टिकचं कव्हरही काढलं, कारण मला आपलं वाटलं, देवाला नीट दिसायला नको का? हसू नका. तुम्हीही तेच केलं असतंत.

त्याच दिवशी घरी रुद्रचं बोरन्हाण. बाहेर सिडनीचा जानेवारी, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं, आणि आमचं बाळ काळ्या झबल्यात, अंगावर हलव्याचे दागिने, ते वितळून त्याच्या पोटाला चिकटलेले. बोरं इथे कुठून आणणार? चुरमुरे, लॉलीज, रेझिन्सच्या डब्या... आणि माझी डबल कार्डं. ती मीच दिली, अगदी मोठ्या मनाने, पोरांना लुटायला. दिली ती दिली. पण शुभदाने काय करावं? देवघरात गेली, तिला देवापुढे एक कार्ड दिसलं, तिला वाटलं, वा, शकुनाचं म्हणून दत्ताने मुद्दाम देवापुढे ठेवलंय! ते तिने लुटीच्या भांड्यात सगळ्यांत वर ठेवलं. आणि भांडं पहिल्यांदा ओतलं, तेव्हा रुद्रच्या डोक्यावर पहिले पडले ते कांगासराव.

मला दिसलं. फोनच्या स्क्रीनवर दिसलं, कारण मी शूटिंग करत होतो, आणि नुसतं शूटिंग नाही, समोर पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर. मी पुढे झेपावणार तर आई ओरडते, "दत्ता, हलवू नकोस, मला रुद्र दिसत नाहीये!" आता आईला हातातून टाकू कसा? एका हातात आई, समोर चुरमुऱ्यांत पडलेले कांगासराव, पोरं तुटून पडलेली, आणि त्या पोरांतून एक दणकट हात आला... मनगटावर घड्याळ, बोटात पुष्कराजाची अंगठी. अलगद, कोपऱ्यांना न दुखवता, दोन बोटांत उचललं. कार्ड कसं उचलायचं हे त्यानेच मला शिकवलं होतं हो. हा माझा मित्र.

मी कॉल बंद न करताच त्याच्यापुढे गेलो. म्हटलं, "हृष्या, दे." तो म्हणतो, "काय?" म्हटलं, "कार्ड." तो म्हणतो, "अरे, ही तर लूट आहे. बोरन्हाणातली लूट परत मागतात का कुणी?" आणि माझ्याच हातातल्या फोनकडे वाकून, अगदी साखरेसारख्या आवाजात, "काकू, तुम्हीच सांगा, मोठी माणसं आहात. मागतात का परत?" आणि आई, माझी जन्मदाती, तिकडून चष्मा सावरत म्हणते, "छे छे. बाळाच्या डोक्यावरून पडलेलं घरात परत घ्यायचं नाही. राहू दे हो हृषिकेशला. गुणी मुलगा, पोरांमध्ये कसा रमलाय बघ!" मी म्हटलं, "आई, तो रमला नव्हता, तो..." तर म्हणते, "दत्ता, सणाचं भांडू नये." शुभदाकडे बघितलं. ती म्हणते, "उगाच विषाची परीक्षा कशाला? रुद्रला काही झालं म्हणजे?" माझ्याच लेकराच्या डोक्यावरून वाट काढून नेलं त्याने, आणि मी वर त्याला तिळगूळ दिला. गोड बोल म्हणालो. मी म्हणालो, मी!

आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. पण ऑफिसात खुर्चीला खुर्ची, करता काय? शेवटी दोन महिन्यांनी त्यानेच मेसेज टाकला, कार्ड अमेरिकेहून आलं. दहापैकी दहा. म्हणजे तुम्ही विचार करा, चुरमुऱ्यांत पडून, पोरांच्या गर्दीतून निघून, दहापैकी दहा. देव पावायचा तो पावला, पण कुणाला, ते बघा. खाली लिहिलं होतं, "रविवारी आर्वोला ये बघायला. इट्स युअर्स टू, मेट." आर्वो म्हणजे इथली दुपार.

जायचं नाही असं ठरवलं होतं, तुम्हाला सांगतो. शुभदालाही तसं सांगून टाकलं होतं. पण रविवार आला, पीठ आणायला म्हणून निघालो आणि गाडी त्याच्या दारात. दार त्यानेच उघडलं. आत हॉलमध्ये भिंतीवर काचेची पेटी, वरून छोटा दिवा सोडलेला, आणि आत कांगासराव, ऐटीत. मी काचेजवळ गेलो. म्हटलं, "एकदा हातात घेऊ?" त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. हा माझा मित्र... म्हणाला, "आधी हात धुऊन ये."

मग काय करणार... धुतले. साबण लावून धुतले.