उमेदवार मितभाषी

...नाही हो, पाणी गेलं त्याचं मला काहीच नाही! चार दिवसांनी येतं, जेमतेम दहा मिनिटं येतं, त्यात मोटार लावायची नाही म्हणजे पुढचे चार दिवस अर्ध्या बादलीत आंघोळ... तेही सोसलं. का लावायची नाही मोटार? तर आत पोरीची मुलाखत चालू! मोटारीचा आवाज लॅपटॉपातून पुण्याला जाईल! अख्खी गल्ली पाणी भरतेय, वरून बजाबाई ओरडतायत, "गोपाळराव, पानी आलंय ओ, झोपलाय का काय?" आणि मी जिन्यात उभा राहून तोंडावर बोट ठेवून त्यांना गप्प करतोय, त्यांना वाटतंय माझा दात दुखतोय... तुम्हाला सांगतो, पाणी गेलं तर गेलं. पण ज्या मुलाखतीसाठी घालवलं, त्या वीस मिनिटांच्या मुलाखतीत माझी पोरगी किती बोलली असेल? सांगा बघू अंदाजाने! दहा मिनिटं? पाच? अहो, पाच कसली...

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल उन्हानं ह्याचं डोकं फिरलंय.

आमची ज्ञानदा. एकुलती एक. बी.ए. केलं मानसशास्त्र घेऊन, कॉलेजात पहिली आली. आता मी जिल्हा परिषदेत आवक-जावकला, मला मानसशास्त्रातलं काय कळतंय? पण गल्लीला लई कळलं! ज्या दिवशी निकाल लागला त्या दिवसापासून आमच्या घराचा दवाखाना झाला. पहिल्या बजाबाई. आल्या, पाटावर बसल्या, म्हणाल्या, "पोरी, तू मनातलं वळखतीस म्हनं. मग सांग बगू, माज्या मनात काय हाय?" आता ह्या पोरीनं काय सांगावं? तिनं काहीच सांगितलं नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघत म्हणाली, "हं... मग?"

बास! एवढंच! आणि बजाबाई सुरू! धाकटा लेक वेगळा राहिला इथपासून ते त्यांच्याच लग्नात त्यांना जेवायला शेवटच्या पंगतीत बसवलं होतं इथपर्यंत, आणि ते लग्न कधीचं, तर सदतीस वर्षांपूर्वीचं! दोन तास! उठताना पदरानं डोळे पुसले, म्हणाल्या, "लई शिकलीया गं बाई पोरगी." काय शिकलीय? ती तर एक शब्द बोलली नव्हती!

मग शेजारचे शरणबसव. मूळचे अक्कलकोटचे, पोलिसातून रिटायर झालेले, असा मिशीवाला माणूस, मला वाटलं पेपर मागायला आला. तर म्हणतो, "गोपाळराव, तुमी जरा आत जावा की." माझ्या घरात मलाच आत पाठवलं! आणि दारापलीकडून मला ऐकू येतंय, "अव्वा, आमची सूनबाई आमटीत मीठ कमी टाकलालीय. बीपीसाठी म्हणती. पण मुद्दाम टाकलालीय, मला कळतंय की!" आणि आमची पोरगी काय म्हणाली? "हं... मग?" तीस वर्षं चोरांकडून कबुल्या घेतलेला माणूस हो! स्वतः सगळं कबूल करून गेला.

तर अशा पोरीला एम.ए. करायचं होतं. क्लिनिकल का काय म्हणतात ते, पुण्याला. जागा किती? पंधरा. अर्ज किती? ते विचारू नका. आणि आमच्या हिनं, म्हणजे पूनमनं, ज्ञानदाच्या आईनं, आधीच निकाल देऊन ठेवलेला, "ह्या वर्षी झालं तर झालं. नाहीतर बी.एड.चा फॉर्म, मग त्यात रडारड नको." पोरीनं मान हलवली. पण तिचा चेहरा मी पाहिला ना. तिला बी.एड. नको होतं. तिला हेच पाहिजे होतं, आणि ते तोंडानं मागायची तिला सवयच नव्हती.

आता फॉर्म म्हणजे फॉर्म असतो की नाही? नाव, पत्ता, जन्मतारीख, खाली सही. हे तसं नाही! त्यात म्हणे निबंध. स्वतःविषयी. तुम्ही कोण आहात, हा विषय का घ्यायचाय, हजार शब्दांत लिहा. मी म्हटलं, सोपं आहे, सव्वीस वर्षं पत्रं लिहितोय मी, आण इकडं. आणि लिहिलं, "वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही स्वभावाने मनमिळाऊ असून तिच्याविरुद्ध कोणतीही चौकशी प्रलंबित नाही." का, काय वाईट आहे? पोरगी हसली, म्हणाली, "बाबा, राहू दे." आणि स्वतः बसली. चार दिवस बसली. चौथ्या दिवशी मी हळूच डोकावलो, तर कागदावर एकच ओळ, "माझे नाव ज्ञानदा." मला म्हणते, "बाबा, लोकांचं कितीही लिहीन. माझं काय लिहू?"

आता बापानं अशा वेळी काय करावं? विचारावं ना पोरीला, की बाळा, तुला काय वाटतं? आणि मी काय केलं? मी माझंच सुरू केलं! की मला पण बघ, करमाळ्याला बदली झाली होती तेव्हा असंच सुचेनासं झालं होतं, साहेब कसा खडूस, खोली कशी पत्र्याची... तासभर! आणि ती हातातलं पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत, "हं... मग?"

बरं, निबंध झाला कसाबसा. मग शिफारसपत्रं पाहिजेत, दोन. कॉलेजातल्या सरांकडे गेली. सर म्हणाले, "हो हो, देतो की! तूच लिहून आण, मी सही करतो." म्हणजे बघा! स्वतःची स्तुती, स्वतःच्या हातानं, दुसऱ्याच्या नावानं! दुसरा कोणी असता तर सुवर्णसंधी. आमच्या पोरीनं काय लिहावं? "विद्यार्थिनी बरी आहे." मी म्हटलं, अगं, बरी काय, ताप उतरलाय का तुझा? 'अत्यंत' घाल! 'अत्यंत हुशार', 'अत्यंत मेहनती'! तर म्हणते, "सरांना खोटं वाटेल." अगं, सर वाचणारेत का? सरांनी मोटारसायकलवरून न उतरता सही केली! पत्र गेलं तसंच, 'विद्यार्थिनी बरी आहे.'

आणि तरीही, तुम्हाला सांगतो, तरीही मुलाखतीला बोलावणं आलं! परीक्षेत मार्कच तसे होते. सोमवारी, अकरा वाजता, ऑनलाइन.

आता तयारी! जून म्हणजे सोलापुरात कसलं ऊन असतं ते तुम्हाला सांगायला नको. पंखा बंद, कारण पंखा कुरकुरतो. कुकर बंद, शिट्टी होते. दारावर चिठ्ठी, 'मुलाखत चालू आहे, बेल वाजवू नये', तर ती वाचून पोस्टमनने बेल वाजवून विचारलं, "कुणाची मुलाखत?" पोरीच्या मागे भिंतीवर काय दिसावं ह्यावर आमच्यात दोन दिवस भांडण. ही म्हणते देव दिसू दे, मी म्हटलं पुस्तकं दिसू देत, शेवटी मध्ये आमचं कॅलेंडर आलं. मी कॅमेऱ्यात येणार नाही असा खाटेवर मांडी घालून, ही स्वयंपाकघराच्या दारात, आणि दोघंही श्वास बेतानं घेतोय.

अकराला पडद्यावर दोन चेहरे. एक मॅडम. आणि एक सर, शिवयोगी म्हणून, विभागप्रमुख, पांढरे केस, कपाळाला आठी. ह्या सरांच्या हातात सगळं, हे आम्हाला आधीच कळलेलं. मॅडम गोड बोलल्या, "ज्ञानदा, घाबरू नकोस हां. आम्हाला सांग, तुला मानसशास्त्रच का शिकायचंय?"

आणि मी खाटेवर पुढे सरकलो. कारण, खरं सांगतो तुम्हाला, मलाही माहीत नव्हतं! बावीस वर्षांची पोरगी, आणि आजपर्यंत तिला हे घरात कोणी विचारलेलंच नाही, मी पण नाही. पुण्याच्या बाईंनी विचारलं तेव्हा मला कळलं की हे विचारायचं असतं. लाज वाटली हो मला. पोरीनं श्वास घेतला, म्हणाली, "मॅडम, मला असं वाटतं की..."

आणि वाजला फोन! आमचा नाही! सरांचा! सरांनी बघितला, कट केला. "सॉरी. मुलाचा होता. गो अहेड."

पोरगी म्हणाली, "घ्या की सर, मी थांबते."

"छे छे. चुकून लागला असेल. तो मला फोन करत नाही."

इथं गप्प बसायचं! बसायचं की नाही? आपल्याला काय करायचंय? आपला प्रश्न चाललाय, आपलं उत्तर द्यावं! पण सवय वाईट असते हो. कार्टीनं मान जरा अशी वाकडी केली आणि म्हणाली... नका, तुम्ही बोलू नका, मलाच सांगवत नाहीये... म्हणाली, "हं... मग?"

संपलं! सरांनी चष्मा काढला. "आता तूच सांग, तीन वर्षं एका घरात राहून मुलगा बापाशी बोलत नाही म्हणजे काय? मी चाळीस वर्षं हा विषय शिकवतो! दहावीला नव्वद टक्के होते त्याला..." आणि दहावीपासून सुरू! मॅडम बिचाऱ्या, "सर, आपण जरा प्रश्न..." "एक मिनिट मॅडम, हे महत्त्वाचं आहे!" तेवढ्यात इकडं पाणी आलं, बजाबाई ओरडल्या, मी जिन्यात धावलो, तोंडावर बोट, दात, ते सगळं करून घामाघूम होऊन परत येतो तर सर अजून अकरावीत! ही दारातून मला खुणा करतेय, लॅपटॉप बंद करू का? मी खुणा करतोय, अगं, विभागप्रमुखाला कसा बंद करायचा? आणि पोरगी शांत. मध्येच एकदा विचारते, "सर, तो कुठल्या वेळी घरात असतो?" झालं, त्यावर आणखी सहा मिनिटं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी सरांनी चष्मा लावला, घसा साफ केला, म्हणाले, "वेल. छान बोलणं झालं. नेक्स्ट कँडिडेट."

छान बोलणं झालं! कोणाचं?

आठ दिवसांनी निकाल. यादीत नाव नाही. आणि खाली शेरा दिलेला, मी वाचून दाखवतो, पाठच झालाय आता, "उमेदवार मितभाषी आहे. स्वतःविषयी मोकळेपणाने बोलत नाही." अहो, कधी बोलायचं? सरांच्या मुलाच्या बारावीनंतर? मी इतका भडकलो की तक्रार लिहायला घेतली, 'वरील विषयास अनुसरून' पर्यंत पोचलोही. पण पोरगी खिडकीशी बसलेली, रडतही नव्हती. तेव्हा मी पेन ठेवलं. तिच्याजवळ बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "त्या दिवशी तू काय सांगणार होतीस गं?"

ती म्हणाली, "बाबा, माणसं बोलून उठतात ना, तेव्हा त्यांचा चेहरा जरा हलका झालेला असतो. पण दुसऱ्या दिवशी परत तसाच. मला नुसतं ऐकता येतं. त्याच्या पुढं काय करायचं ते येत नाही. ते मला शिकायचं होतं."

तुम्हाला सांगतो, मला ह्या वेळी करमाळा नाही आठवलं, साहेब नाही आठवला. नुसता बसून राहिलो तिच्या शेजारी.

आणि परवा, सकाळी अकराच्या सुमारास, तिचा फोन वाजला. तिनं बघितलं, उभीच राहिली. "बाबा... शिवयोगी सर!" अहो, घरात काय धावपळ! ही म्हणाली, कुणीतरी जागा सोडली असणार, लोक आधी म्हणत होतेच, यादीतलं एखादं नाव गळतं! हिनं देवापुढं साखर ठेवली, मला म्हणाली टोपी घाला, फोनवर टोपी कशाला पण मी घातली! पोरीनं स्पीकर लावला. तिघांनी श्वास रोखलेला.

सर म्हणाले, "ज्ञानदा, तू वेळ विचारली होतीस ना, तो कधी घरात असतो ते... मी काल त्या वेळी त्याच्या खोलीत गेलो. काही बोललो नाही, नुसता बसलो. तर तो बोलला गं! तीन वर्षांनी! आता पुढं काय करू? आणि... रोज ह्याच वेळेला फोन केला तर चालेल ना तुला?"

मी म्हटलं, बोल आता, ॲडमिशनचं बोल! आत्ता नाही तर कधी! आणि आमची पोरगी काय म्हणाली? मी सांगायला पाहिजे का?

पाऊण तास चालला फोन. ॲडमिशन नाही मिळाली, पेशंट मिळाला. तोही विभागप्रमुख. मी टोपी काढून हताश होऊन बसलो. आणि ही, जिनं बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलेला, ती आतून आली, फॉर्म उचलला, गुंडाळून रद्दीत टाकला, पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी परत भर गं तो पुण्याचा. मुलाखतीला हेच सर असणार ना? मग एवढं ऐक माझं. त्यांना घाईनं बरं करू नकोस. जूनपर्यंत पुरव."