देविदासभाऊची सही

मंडळी, समोर देविदासभाऊंच्या घरच्या, कौसावहिनी बसल्यात. त्यांच्याकडं बघून बोलणं होत न्हाई, म्हणून तुमच्याकडं बघून बोलतो. बोलता येईल तेवढं बोलतो.

सोमवारी सकाळी देविदासभाऊ माझ्यासंगं टेम्पोत बसून कामाला आल्ते. दुपारी न्हवते. मला अजूनबी खरं वाटून न्हाई राह्यलं. आज टेम्पोत मी त्यांच्यासाठी जागा धरली, मंडळी. धरली अन् मंग ध्यानात आलं.

मी भंगाराचा मुकादम, भाऊ भट्टीवर. बंद नळकांडं तसंच भट्टीत गेलं तर फुटतं, म्हणून आधी कापून बघायचं. हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक हाय. पण त्या दिवशी माल परदेशातला होता. देशादेशांचा करार हाय, घातक कचरा असा कुणाच्या दारात पाठवायचा न्हाई. म्हणून मालाबरोबर तपासणीचा दाखला आल्ता. शिक्का, सही, सगळं बराबर.

भाऊंनी एक नळकांडं बाजूला काढलं. म्हणले, "मुकादम, हे दोन्हीकडून बंद हाय. कापून बघू."

मी म्हणलो, "दाखला हाय ना. टाका जल्दी."

त्यांनी टाकलं. माझ्या सांगण्यावरून टाकलं.

आपल्या गेटवर कायद्याचा फलक हाय. धोका दिसला तर सांगायचा कामगाराला हक्क हाय, असं त्यावर लिहिलंय. भाऊंनी सांगितलं होतं की. ऐकलं कुणी?

अन् आता वरचे लोक म्हणून राह्यले, चूक देविदासची. त्याला सुरक्षेचं प्रशिक्षण दिल्तं, वहीत त्याची सही हाय. सही हाय, खरं हाय. ती मीच घेतली. तपासणीवाले साहेब येणार म्हणून चालत्या टेम्पोत, मांडीवर वही ठेवून, सगळ्यांच्या सह्या एकदम घेतल्या. प्रशिक्षण एक दिवस तरी झालं का? तुमच्यातल्या किती जणांची सही हाय त्या वहीत? माझीबी हाय.

वहिनी, उद्या चौकशीचे साहेब येणार हायेत. हे सगळं मी त्यांच्यापुढं सांगणार. नोकरी जाईल, जेलबी होईल. मला भ्या वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझी चूक भाऊंच्या नावावर राहू देणार न्हाई.

आता उभे राहा, मंडळी. आपण लई वर्षं गप्प राह्यलो. भाऊंसाठी अजून दोन मिनिटं गप्प राहू. त्याच्या वर एक मिनिट न्हाई.