पदरचं वाक्य

क्रमशः छापून येणाऱ्या कादंबरीला नावं ठेवावीत तर माझ्या बायकोनं, सुमननं. ती हयात होती तेव्हाची गोष्ट. तिला वाचता येत नसे. मंगरूळपीरच्या बसनं साप्ताहिक आलं, की मी नवं प्रकरण मोठ्यानं वाचायचो आणि ती भाजी निवडत लेखकाची हजेरी घ्यायची. नायिका तिसऱ्यांदा चक्कर येऊन पडली, तेव्हा म्हणाली, "हिले घरात कोणी जेवू घालून राह्यलं का नाही?"

एकदा आमचा अबोला चालू होता. मानोऱ्याला तिच्या बहिणीच्या घरी लग्न होतं, पण मी गावचा मास्तर, आणि शाळा तपासायला येणारे साहेब आमच्याकडे जेवणार म्हणून मी तिला जाऊ दिलं नव्हतं. तरी वाचनाच्या वेळी ती येऊन बसलीच. माझं चुकलं होतं, पण तोंडातून शब्द निघेना. म्हणून कादंबरीतल्या तापट नवऱ्याच्या तोंडी मी एक वाक्य पदरचं घातलं. "माझं चुकलं. तुला बहिणीकडे जाऊ द्यायला हवं होतं."

सुमनचा हात थांबला.

"बारा भाग झाले, हा माणूस बायकोले धड हाक मारत नाही. आज एकदम चुकलं म्हणते? अन् तिले तर बहीणच नाही. हे तुमी घातलं."

"गोष्टीला गरज होती," मी म्हणालो.

"त्याच्या तोंडी शोभत नाही ते," ती म्हणाली. "अंक ठेवा खाली, अन् तुमच्या तोंडानं म्हणा."