चार नंबरची खोली

नागावला आमचे नंदूकाका होमस्टे चालवतात. परवा शनिवारी सकाळीच त्यांचा फोन आला, "लॅपटॉप सारखा अडकतो, सगळी बुकिंगं त्यातच हायत, लगेच ये."

तपासलं तर मेमरीचा एक तुकडा खराब, आणि ती बोर्डालाच जोडलेली, बदलता येईना. मग बूटलोडरमध्ये, म्हणजे मशीन चालू करताना सगळ्यात आधी जागा होतो त्या प्रोग्रॅममध्ये, लिहून ठेवलं की एवढा भाग कुणाला द्यायचा नाही. लॅपटॉप मुकाट चालू लागला.

काका म्हणाले, "म्हणजे दुरुस्त न्हाय केलंस?"

"नाही. तिथे कुणाला पाठवायचंच नाही, बस."

काकू आतून म्हणाल्या, "आपल्या चार नंबरच्या खोलीसारखं. नारळ पडून कौलं फुटली, तर यांनी कौलं न्हाय बदलली, कुलूप लावलं."

"हुशार हाय तुझा प्रोग्रॅम," काका मला म्हणाले.

जेवण झाल्यावर राहायचा आग्रह झाला. बाकी खोल्या भरलेल्या, म्हणून काकांनी माझ्या हातात चार नंबरची चावी ठेवली.

"काका, तिथे कुणाला पाठवायचं नसतं ना?"

"गिऱ्हाइकाला न्हाय पाठवायचं. तू घरचा."