खारूताईची तक्रार

या, जरा जवळ सरकून बसा, फोन कंपनीच्या ऑफिसात ऐकलेली एक गोड गोष्ट सांगतो. दुपार पेंगुळलेली, पंखा संथ. शेजारच्या बाकावर आई आणि मुलगा, मुलाच्या हातात कंपनी बदलायचा अर्ज.

“आई, कर सही. नवी कंपनी स्वस्त आहे, नंबरही हाच राहील.”

“राहू दे रे, जुनीच बरी.”

“बरी? महिन्यातून चारदा तूच तक्रार करतेस, फोन बिघडला म्हणून!”

“फोनला काय धाड भरलीय?”

“मग तक्रार कशाला?”

“तक्रार घेण्याआधी कंपनीवाले ओळख पटवायला खूण विचारतात, आपण ठरवून दिलेला शब्द. तुझ्या बाबांनी माझं लाडाचं नाव लिहून दिलं होतं.”

“कुठलं?”

“हसशील. खारूताई.”

“बाबा तुला खारूताई म्हणायचे?”

“तू झोपलास की. ते गेल्यापासून फोनवरचा माणूसच म्हणतो, ‘बरोबर, खारूताई. बोला.’ नवे काय विचारतील?”

“जन्मतारीख.”

“बघ!”

“राहू दे मग,” म्हणत मुलानं अर्जाची घडी करून खिशात टाकली.

तेवढ्यात खिडकीतून हाक आली, “पुढचे कोण? काय काम?”

“आमचा फोन बिघडलाय,” मुलगा म्हणाला. “तक्रार घ्या. पण आधी हिला खूण विचारा.”

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा तिला पहिल्यांदा खारूताई म्हणणाऱ्यालाही आठवा हं.