भिंतीपलीकडची सिस्टर

"—आणि सिस्टरने ते सगळं दाबून टाकलं, म्हणून तर त्या पोरीचा हात—" बस, एवढंच माझ्या कानावर आलं, मॅडम, पुढचं लिफ्टने गिळलं. आत बिल्डिंगमधल्या दोघी, बाहेर मी कचऱ्याचा डबा घेऊन. हाताचं काय झालं? गेला? सुजला? जिन्याने धावले हो मी खाली, पण कुठे माझे गुडघे आणि कुठे ती लिफ्ट — राहिलंच ते. अहो, उभ्या काय, बसा ना, चहा टाकते. सिस्टरची बेल वाजवून बोट दुखलं असेल तुमचं. ती या वेळी दवाखान्यात असते. मी सांगते काय हवं ते, शेजारीण कशाला असते मग? गळ्यातलं कार्ड बघितलं तेव्हाच ओळखलं, आरोग्य खात्याच्या तुम्ही. चौकशीला आलात. नाही नाही, मान हलवू नका, माझ्यापासून काय लपवायचं.

आधी त्या हाताचं सांगते. खोटं आहे. साफ खोटं! चिंगी — वरच्या शिवणकामवाल्या बाईची मुलगी — आज सकाळीच जिन्याच्या कठड्याला दोन्ही हातांनी लोंबकळत होती, मी ओरडलेसुद्धा. हात धडधाकट आहेत तिचे. सिस्टरने दवाखान्यात लस दिली त्या संध्याकाळी ताप चढला आणि आकडी आली, एवढंच. एवढंच म्हणते मी, पण तिच्या आईला विचारा. गळ्यात मापाची टेप तशीच, पोर छातीशी, आणि सिस्टरच्या दारावर लाथा मारत होती बिचारी — हात मोकळे नव्हते ना. मी कडी काढेपर्यंत सिस्टर बाहेर. पोरीला इथेच दारासमोर फरशीवर कुशीवर वळवलं, मला म्हणाली, मावशी, सगळ्यांना मागे घ्या. मी चमचा घेऊन धावले होते, दातखीळ बसली तर — फाट्‌कन चापट मारली हातावर! म्हणाली, तोंडात काही घालायचं नाही. मला राग नाही हां आला. म्हणजे आला होता. मग गाडी बोलावली, मोठ्या हॉस्पिटलात स्वतः घेऊन गेली, तिथल्यांनी ठेवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पोर खडखडीत.

अशी बाई दाबून टाकेल का हो? म्हणे, गप्प बसायला दवाखान्याच्या डॉक्टरांकडून पैसे खाल्ले. पैसे! तिचा पंखा उन्हाळ्यापासून कुरकुरतोय, इथे ऐकू येतो मला — भिंत कसली, पुठ्ठा आहे नुसता, ती शिंकली की आमचे हे इकडे दचकतात — पैसे खाल्ले असते तर आधी पंखा नसता बदलला? लोकांना काय, जीभ उचलली की लावली टाळ्याला.

आणि तिला नियम माहीत नव्हता असंही नाही. उलट. हॉस्पिटलातून परत आली ती तडक इथे, तुम्ही बसलात त्याच खुर्चीवर. म्हणाली, मावशी, हे कळवावं लागणार. मी विचारलं, लसीमुळेच झालं का गं? तर म्हणे, झालं असेल, नसेलही, ते ठरवणं माझं काम नाही; नुसती शंका आली तरी लगेच त्याच दिवशी कळवायचं, कायदाच आहे आम्हाला. बघा, किती सरळ बाई! चहा ओतला होता मी, त्याच्यावर साय धरली तरी नुसती बघत बसली. मग म्हणाली — पण मागच्यासारखं झालं तर?

मागचं म्हणजे ते आमच्या वॉचमनकाकांचं हो. लस घेतली आणि दंड टम्म सुजला. सिस्टरने कळवलं, नियमाप्रमाणे. तर तुमच्यासारखेच दोघं आले, खांद्याला बॅगा, दारोदार विचारत. आता सरकारी माणसं येतात म्हणजे काहीतरी असणारच की नाही? कोणालाही वाटेल. मी आपलं म्हटलं असेन, लसीतच खोट दिसतेय — तेही दोघीतिघींनाच, आणि त्यांनी विचारलं म्हणून. निघालं काय? काही नाही! सूज आपोआप उतरली काकांची. पण तोवर दवाखाना ओस पडला. बायका पोरांना घेऊन रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, फार हौस ना तुला कळवायची, आता अर्ध्या पगारावर ये. आणि खालच्या इस्त्रीवाल्याने बाळाला लसीला नेलंच नाही. तो म्हणतो, मावशींनीच नको म्हटलं होतं. मी "जरा थांब" म्हटलं होतं! थांब आणि नको, यात काही फरक आहे की नाही? तर त्या बाळाला गोवर झाला. कान गेले त्याचे. आता चालायला लागलाय, आई मागून हाका मारते, पण वळत नाही. मी खाली गेले की बिस्किटाचा पुडा देते त्याला. अख्खा पुडा देते.

सिस्टर त्यावरून मला एका शब्दाने बोलली नाही कधी. फक्त परवा — परवा कुठलं, चांगले आठ दिवस झाले — इथे बसून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, मावशी, तुम्ही कोणाला सांगणार नाही ना? आणि नाही सांगितलं मी! आठ दिवस पोटात ठेवलं, विचारा आमच्या ह्यांना, जेवण जात नव्हतं मला. वरची टेलरबाई बोलली असेल, मी नाही. म्हणून कळवायची थांबली हो ती, मॅडम. भीतीने. डॉक्टरांच्या नाही — आमच्या. कळवलं तर आम्ही तिला फाडून खाणार, नाही कळवलं तर तुम्ही. मग त्या बाईने जायचं कुठे? लिहा, हे लिहाच तुम्ही.

काय? चिंगीचं घर? नुसतं घर कुठलं ते विचारायला आलात? मग मघापासून बोलला का नाहीत — बरं, मी बोलू दिलं नाही, ते राहू द्या. कोणी कळवलं म्हणालात? सिस्टरने? स्वतः फोन करून? अगं बाई! मग दाबलं नाहीच की तिने! मी म्हणत नव्हते? त्या लिफ्टमधल्या भवान्यांना आता दाखवतेच मी, हातही खोटा, पैसेही खोटे, आणि दाबलं तेही—

कधी कळवलं? काल. आणि काय म्हणाली फोनवर? मुलीच्या आईकडून तिला... कालच समजलं?

हो. कालच असेल. कालच. अहो, मला वार कुठले लक्षात राहतात, सातवीत शाळा सुटली माझी. आठ दिवस म्हणजे आपली एक बोलायची पद्धत. आणि ती चापट, ती वेगळ्याच मुलाच्या वेळची. खुर्चीही दुसरी होती. ते पेन खाली ठेवा ना, पोरी. तुझ्या आईच्या वयाची आहे मी. एवढं सगळं कशाला लिहायचं, घर विचारायला आली होतीस ना तू?

थांबा. ऐकलंत? नळ. आमचा नाही, आमच्याकडे या वेळी पाणी सोडलेलं नसतं. तिच्याकडचा. म्हणजे घरातच आहे ती? तुम्ही बेल वाजवत होतात तेव्हाही? आणि मी इतकी मोठ्याने... तिचा पंखा मला ऐकू येतो म्हणजे...

बंद केला नळ.

वरचा मजला, शिवणयंत्राचा आवाज येईल ते दार. चहा राहू द्या आता. जा तुम्ही. आणि दार ओढून घ्या. हळू.